दोन चाके, एक तार आणि मोकळे आकाश

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन या जुन्या वस्तीतून पोटोमॅक नदीच्या काठाने एक कच्ची वाट निघते आणि २९७ किलोमीटर दूर असलेल्या कंबरलँड या गावी जाऊन थांबते. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला जुना कालवा आणि मधून झाडांच्या सावलीत जाणारी ही वाट. येथे मोटारींना प्रवेश नाही. पायी चालणारे आणि सायकलस्वार एवढेच येथील प्रवासी. त्यांपैकी एखाद्या सायकलच्या दांडीला कधीकधी एक लांबट नळकांडे बांधलेले दिसते. सायकलस्वार वाटेतल्या एखाद्या बाकाजवळ थांबतो, नळकांड्यातून एकात एक सरकणारी काठी काढून उंच उभी करतो, तिच्या टोकाला बारीक तार लावतो आणि वहीएवढा संच मांडीवर घेऊन कानाला श्रवणयंत्र लावतो. थोड्याच वेळात त्याच्या बोटाखालून आवाज उमटू लागतो : डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा. ‘कोणी ऐकत आहे का?’ असे विचारण्याची बिनतारी जगाची ही जुनी रीत.

उत्तर येते. कधी फ्लोरिडातून, कधी टेक्सासमधून, तर कधी अटलांटिक महासागरापलीकडील स्पेन किंवा इटलीतून. मध्ये मोबाइलचा मनोरा नसतो, इंटरनेट नसते, कोणत्याही कंपनीचे जाळे नसते. दोन टोकांना दोन माणसे आणि त्यांच्यामध्ये मोकळे आकाश, एवढ्यावर हा व्यवहार पार पडतो. हौशी रेडिओ म्हणजेच ‘हॅम रेडिओ’ हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. परंतु सायकलवरून उद्यानात जाऊन तो जोपासण्याची पद्धत अलीकडे चांगलीच रुजली आहे. या पद्धतीकडे बारकाईने पाहिले तर केवळ करमणूक नव्हे, एक मोलाचा विचारही हाती लागतो.

कालबाह्य ठरलेल्या तिघांची भेट

ज्या वाटेचा वर उल्लेख केला ती मुळात माणसांसाठी नव्हे, खेचरांसाठी बांधलेली होती. चेसापीक अँड ओहायो कालव्याचे काम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले. कालव्यातील मालवाहू नावा काठावरून चालणारी खेचरे दोराने ओढत असत. त्यांच्यासाठी केलेली ही वाट म्हणून तिचा चढ अगदी सौम्य, जवळजवळ सपाट. पाण्याची पातळी टप्प्याटप्प्याने उचलण्यासाठी ७४ जलद्वारे बांधण्यात आली. डोंगर आडवा आला तेथे विटांनी बांधून काढलेला ९५० मीटर लांबीचा पॉ पॉ बोगदा खोदला गेला. काम कंबरलँडपर्यंत पोहोचायला १८५० साल उजाडले. दुर्दैव असे की कालव्याची पहिली कुदळ पडली त्याच दिवशी जवळच बाल्टिमोर येथे एका रेल्वेमार्गाचाही प्रारंभ झाला होता. ती रेल्वे कंबरलँडला कालव्याच्या आठ वर्षे आधीच पोहोचली. कालवा पूर्ण झाला तेव्हाच तो मागे पडलेला होता. १९२४ च्या पुरानंतर त्यावरील वाहतूक कायमची थांबली.

पुढे याच जागेवरून मोटाररस्ता नेण्याची कल्पना निघाली आणि एका वृत्तपत्राने तिला पाठिंबा दिला. तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना सोबत चालत येण्याचे आवाहन केले. मार्च १९५४ मध्ये ते स्वतः कंबरलँडहून वॉशिंग्टनपर्यंत पायी आले. अनेक जण त्यांच्याबरोबर निघाले, पण संपूर्ण अंतर चालणारे डग्लस यांच्यासह नऊच जण उरले. त्या पदयात्रेने लोकमत बदलले आणि १९७१ साली हा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून घोषित झाला. निरुपयोगी ठरलेल्या वाटेला असे दुसरे आयुष्य लाभले.

या वाटेवर वाजणारी मोर्स लिपीही त्याच काळातली. २४ मे १८४४ रोजी सॅम्युएल मोर्स यांनी वॉशिंग्टन ते बाल्टिमोर या तारमार्गावरून आपला प्रसिद्ध संदेश पाठवला, तेव्हा हा कालवा अद्याप बांधला जात होता. तारायंत्राचे युग संपले. हौशी परवान्यासाठी मोर्स येण्याची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ मध्ये उठली आणि अमेरिकेने २००७ मध्ये ती पूर्णपणे काढून टाकली. तरीही सक्ती संपल्यावर मोर्स संपली नाही. आज ती शिकणारे केवळ आवडीने शिकतात.

तिसरी कालबाह्य वस्तू म्हणजे सायकल. मोटारीच्या युगात तिचे दिवस संपले असे किती वेळा तरी सांगून झाले. अशा रीतीने कालवा, मोर्स आणि सायकल हे तीन ‘निवृत्त’ एकाच झाडाखाली भेटतात आणि तिघेही आपापले काम चोख करून दाखवतात. त्यांच्यात एक समान गुण आहे : तिघांनाही चालण्यासाठी दुसऱ्याच्या पुरवठ्याची फारशी गरज नाही. या गुणाचे मोल कोणते, हे पुढे येईलच.

घरातला न ऐकू येणारा गोंगाट

घरी बसून रेडिओ चालवणे सोयीचे असताना ऊन-वारा सोसत उद्यानात का जावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर आपल्या घरातच आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, संगणक, दूरचित्रवाणी संच, छतावरील सौरऊर्जेचे इन्व्हर्टर ही सारी उपकरणे आपले काम करता करता सूक्ष्म रेडिओलहरीही बाहेर टाकतात. आपल्या कानांना त्या ऐकू येत नाहीत. परंतु लघुलहरींवर कान देऊन बसलेल्या संचाला तो अखंड खरखराट असतो. दूरवरून आलेला क्षीण संदेश त्यात बुडून जातो. लग्नमंडपात बँड वाजत असताना कोपऱ्यातल्या आजींचे बोलणे ऐकण्यासारखाच हा प्रकार होय.

संदेशाची तीव्रता मोजण्यासाठी रेडिओ संचावर ‘एस’ या अक्षराने ओळखली जाणारी मोजपट्टी असते. तिची एक पायरी चढली म्हणजे शक्ती सुमारे चौपट झाली असे मानतात. शहरातल्या घरी कोणताही संदेश नसतानाही काटा सातव्या पायरीवर स्थिरावलेला असणे नवलाचे नाही. वस्तीपासून दूर, नदीकाठच्या झाडीत तो पहिल्या पायरीवर उतरू शकतो. हा फरक सहा पायऱ्यांचा, म्हणजे सुमारे चार हजार पट होतो. हजारो रुपयांचे नवे उपकरण जो लाभ देणार नाही तो केवळ जागा बदलल्याने मिळतो.

दुसरी अडचण अँटेनाची. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर काम करायचे तर साधारण दहा मीटर लांबीची तार लागते आणि ७ मेगाहर्ट्झसाठी वीस मीटरची. सदनिकेच्या सज्जात एवढी तार पसरणार कोठे? गच्चीवर लावावी तर शेजाऱ्यांची तक्रार. अमेरिकेतल्या अनेक वसाहतींच्या नियमांत बाहेरून दिसणाऱ्या अँटेनाला मनाई असते. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की काय होते, हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे उत्तम संच घरात असूनही कित्येकांचा छंद कपाटात बंद झाला. त्या कपाटाची किल्ली उद्यानाने दिली.

कॅरियरवर मावेल तेवढेच

मोटारीतून जाणारा हौशी माणूस ‘असू द्या बरोबर’ म्हणत मोठी बॅटरी, मोठा संच, टेबल, खुर्ची असे सारे भरून नेतो. सायकल अशी मुभा देत नाही. प्रत्येक किलो आपल्याच पायांनी ओढायचा असतो. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक वस्तूला प्रश्न विचारावा लागतो : हिच्यावाचून काम अडेल काय? अडत नसेल तर ती घरी राहते.

चाळणी लावून उरलेली यादी आटोपशीर असते. अर्धा किलो ते एक किलो वजनाचा लहान संच. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची तीन अँपिअर-तासांची बॅटरी, जिचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास. वीस मीटर बारीक तार आणि तिच्या टोकाशी जोडायचा मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर. सहा ते दहा मीटरपर्यंत उघडणारी फायबरग्लासची काठी. मोर्सची किल्ली किंवा मायक्रोफोन, श्रवणयंत्र, वही आणि दोन पेन्सिली. पेन्सिलच का? कारण पावसाच्या शिंतोड्यांनी ती फिसकटत नाही आणि थंडीत अडत नाही. यांशिवाय पाण्याची बाटली, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि हवा भरण्याचा छोटा पंप. सगळे मिळून चार-पाच किलो. कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत भार समान वाटला की सायकलचा तोल बिघडत नाही. काठी दांडीला समांतर बांधावी आणि संच मऊ कपड्यात गुंडाळावा, कारण कच्च्या वाटेवरचे हादरे जोडण्या सैल करतात.

जागेवर पोहोचल्यावर सायकलही कामाला येते. स्टँडवर नीट उभी केलेली सायकल काठीला आधार देते. काही जण कॅरियरलाच उभी अँटेना जोडतात आणि सायकलचा धातूचा सांगाडा व जमिनीवर पसरलेल्या दोन-चार तारा यांच्याकडून जमिनीचे काम करून घेतात. झाडाचा आधार घ्यायचाच असेल तर खिळा नाही, साल खरवडणारा ताण नाही. मऊ दोरी फांदीवरून टाकायची आणि काम झाल्यावर अलगद ओढून घ्यायची. ज्या उद्यानात झाडाला काही बांधण्यास मनाई असेल तेथे स्वतःचीच काठी वापरायची. येणाऱ्याजाणाऱ्याच्या गळ्याशी किंवा पायाशी तार येणार नाही, हे पाहायचे आणि तिला रंगीत फीत बांधायची. ढगांचा गडगडाट कानी आला की आवराआवर करायची, मग नोंदी कितीही राहिलेल्या असोत. आपण उठून गेल्यावर तेथे कोणी येऊन बसले होते हे कळूही नये, असा या मंडळींचा दंडक आहे.

पाच वॅटचा हिशेब

अशा संचाची प्रसारणशक्ती बहुधा पाच वॅट असते. घरातला रात्रीचा मंद दिवाही याहून अधिक वीज खात असे. घरगुती हौशी केंद्राचा नेहमीचा संच १०० वॅटचा, म्हणजे वीसपट. तरीही पाच वॅटमध्ये भागते कसे?

याचे उत्तर वर सांगितलेल्या मोजपट्टीत आहे. शक्ती वीसपटीने कमी केली तर ऐकणाऱ्याच्या मोजपट्टीवरील काटा दोन पायऱ्यांपेक्षा किंचितच अधिक खाली येतो. जेथे शंभर वॅट स्पष्ट ऐकू येतात तेथे पाच वॅट क्षीण पण समजण्याजोगे ऐकू येतात. मोर्समध्ये तर फक्त ‘आवाज आहे’ आणि ‘आवाज नाही’ एवढाच भेद ओळखायचा असल्याने सरावलेला कान अतिक्षीण संदेशही टिपतो.

उरलेले काम निसर्ग करतो. पृथ्वीपासून साधारण अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनी विद्युतभारित झालेला हवेचा विरळ थर असतो. त्याला आयनांबर म्हणतात. लघुलहरी त्यावर जाऊन वळतात आणि तीन-चार हजार किलोमीटर दूरवर पुन्हा जमिनीला भेटतात. यामुळे एक गमतीची गोष्ट घडते. दोन हजार किलोमीटरवरील अनोळखी माणूस आपले बोलणे ऐकतो, पण शंभर किलोमीटरवरील मित्राला काहीच ऐकू येत नाही, कारण लहरी त्याच्या डोक्यावरून निघून गेलेल्या असतात. त्याला गाठायचे तर खालच्या कंप्रतेचा पट्टा निवडावा लागतो. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. डाग वाढले की आयनांबर बळकट होते आणि वरचे पट्टे दूरदूर पोहोचतात.

या हिशेबात एक अट मात्र आहे. उद्यानातल्या शांततेमुळे आपल्याला दुसऱ्याचे नीट ऐकू येते, पण आपला पाच वॅटचा आवाज दुसऱ्याच्या घरच्या गोंगाटातून वर यायला हवा. तो कान देऊन बसला, त्याने धीर धरला, तरच संपर्क होतो. म्हणजे लहान संच घेऊन निघालेला माणूस प्रत्येक वेळी समोरच्याच्या सौजन्यावर अवलंबून असतो. मोठ्या शक्तीने ओरडणाऱ्याला जी नम्रता सहसा शिकावी लागत नाही ती येथे पहिल्याच दिवशी शिकायला मिळते.

दहा नोंदींची कसोटी

या छंदाला आजचे स्वरूप आले ते एका शताब्दीमुळे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला २०१६ मध्ये शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने तेथील हौशी रेडिओ संघटनेने वर्षभर उद्यानांतून प्रसारण करण्याचा उपक्रम आखला आणि त्यात दहा लाखांहून अधिक संपर्क नोंदले गेले. वर्ष संपले, पण उत्साह संपेना. त्यातून ‘पार्क्स ऑन द एअर’ ही स्वयंसेवकांनी चालवलेली योजना उभी राहिली. पुढे ती अमेरिकेबाहेर पसरली आणि आज भारतातील उद्यानेही तिच्या यादीत आहेत.

नियम सोपा आहे. उद्यानाच्या हद्दीत बसून एका दिवसात किमान दहा वेगवेगळे संपर्क साधले तर ती फेरी ग्राह्य धरली जाते. घरी बसून उद्यानातल्या केंद्रांचा शोध घेणाऱ्यांना तेथे ‘शिकारी’ म्हणतात. नाव उग्र असले तरी ही शिकार फक्त आवाजाची. तिच्यात कोणाला इजा नाही आणि ज्याची शिकार झाली तोच आभार मानतो. दोन उद्यानांतले दोघे एकमेकांना भेटले तर त्या संपर्काचे अप्रूप अधिक.

दिवस मोजायचा तो जागतिक प्रमाणवेळेनुसार. तो भारतात पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि वॉशिंग्टनमध्ये उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी आठला. म्हणून तेथील चतुर मंडळी सायंकाळी साडेसातला बसतात आणि आठच्या ठोक्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा संपर्क करून एकाच बैठकीत दोन दिवसांची जमा मांडतात.

वहीतली नोंद म्हणजे एक छोटी पावतीच. तारीख, वेळ, पट्टा, पद्धत, समोरच्याचे संकेतनाम आणि आवाज कसा पोहोचला याचा शेरा. दोघांनी परस्परांचे संकेतनाम आणि शेरा अचूक घेतल्याशिवाय संपर्क पूर्ण होत नाही. एकानेच ऐकले तर ती नोंद बाद. निरोप ‘७३’ या अंकाने घ्यायचा. तारायंत्राच्या काळापासून या अंकाचा अर्थ ‘शुभेच्छा’ असा चालत आला आहे. या साऱ्या संभाषणात काही लपवायचे नसते. सांकेतिक भाषेत गुप्त मजकूर पाठवणे आणि पैशासाठी प्रसारण करणे या दोन्ही गोष्टी हौशी रेडिओला निषिद्ध आहेत. येथे जे बोलायचे ते जगासमोर आणि विनामोबदला.

कधी नऊच संपर्क होतात. सूर्यावरील वादळाने आयनांबर विस्कटलेले असते, संध्याकाळ उतरलेली असते, बॅटरी संपत आलेली असते. दहावा आवाज येतच नाही. वही मिटून, दिवा लावून, काळोख पडायच्या आत सायकलने परत फिरावे लागते. त्या दिवशीचे वीस किलोमीटर कोणत्याही यादीत चढत नाहीत. पण पायांनी ते केलेलेच असतात आणि कानांनी नऊ माणसे ऐकलेलीच असतात.

अडीचशे किलोंची सायकल

सायकल आणि रेडिओ यांची जोडी जमवणाऱ्यांत स्टीव्हन रॉबर्ट्स यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस येथून १९८३ साली ते एका वेगळ्याच सायकलवर निघाले. लिखाण हा त्यांचा व्यवसाय. मागे रेलून चालवायच्या त्या सायकलवर सौरपट्टी, छोटा संगणक आणि पुढे हौशी रेडिओही होता. घर सोडून, प्रवासातच लेखन करून, ते लेखन दूरध्वनीच्या तारेवरून पाठवून पोट भरायचे, असा तो प्रयोग. ‘कुठूनही काम’ हा शब्दप्रयोग आपल्या कानांवर येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. दुसऱ्या सायकलवर त्यांनी हँडलमध्येच कळा बसवल्या, म्हणजे चालवता चालवता टंकलेखन करता येई. या भटकंतीत त्यांनी सुमारे १७,००० मैल, म्हणजे २७,००० किलोमीटरहून अधिक अंतर कापले.

त्यांची तिसरी सायकल ‘बेहेमॉथ’. तिला १०५ गिअर होते आणि वजन ५८० पौंड, म्हणजे सुमारे २६३ किलो. आज ती कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाकडे जपून ठेवलेली आहे. त्या अचाट यंत्रातून जे साधायचे होते त्यातील बिनतारी संपर्काचा भाग आज चार-पाच किलोंत मावतो. परंतु रॉबर्ट्स यांनी मांडलेला मूळ प्रश्न अजूनही तोच आहे : माणूस स्वतःच्या पायांच्या बळावर, स्वतःच्या विजेवर, जगाशी संपर्क ठेवू शकेल काय?

संकटाच्या दिवशी

हा प्रश्न फुरसतीचा वाटतो, पण एखाद्या सकाळी तो अचानक गंभीर होतो.

डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथे मुक्कामाला होत्या. अंदमानातून हौशी प्रसारणाला बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि जगभरातील हौशी मंडळी त्या दुर्मीळ संपर्कासाठी उत्सुक होती. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. दूरध्वनी कोलमडले. छंदासाठी उभारलेल्या त्याच अँटेनेवरून आता मुख्य भूमीकडे बातमी जाऊ लागली. कोण सुखरूप आहे, कोणाचा शोध चालू आहे, कोठे मदत हवी आहे, असे निरोप त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोहोचवले. त्याआधी २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हाही दळणवळण तुटलेल्या भागात हौशी रेडिओचालकांनी आपले संच नेऊन निरोपांची ने-आण केली होती.

अशा दिवशी कोणते केंद्र चालू राहते? ज्याला भिंतीतल्या प्लगची गरज नाही ते. तेथवर कोण पोहोचू शकते? ज्याला पेट्रोलपंप उघडा असण्याची आणि रस्ता मोकळा असण्याची गरज नाही तो. अमेरिकेतील हौशी मंडळी १९३३ पासून दरवर्षी जूनमध्ये ‘फील्ड डे’ पाळतात. त्या दिवशी घराबाहेर तात्पुरते केंद्र उभारून आणीबाणीच्या विजेवर चोवीस तास काम करण्याचा सराव होतो. सायकलवरून उद्यानात जाणारा माणूस तोच सराव दर रविवारी दोन तास, कोणी न सांगता करत असतो. काळोखात तार कशी जोडावी, बॅटरी किती वेळ टिकते, कोणत्या वेळी कोणता पट्टा चालतो, घाई न करता निरोप कसा लिहून घ्यावा, हे त्याच्या हातांना ठाऊक झालेले असते. कपाटातला महागडा संच त्या दिवशी कामाला येईलच असे नाही, पण हाताची सवय येते. म्हणूनच हा छंद सज्जातल्या अडचणींमुळे विझू देणे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही.

आपल्या अंगणात

आपल्याकडे हौशी रेडिओचा परवाना केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही भारतीय नागरिकाला परीक्षेला बसता येते. रेडिओतंत्राची प्राथमिक माहिती आणि नियम यांवर ही परीक्षा असते. सुरुवातीच्या श्रेणीसाठी मोर्स येणे अनिवार्य नाही. भारतीय संकेतनामे ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हौशी होते आणि त्यांचे संकेतनाम ‘व्हीयू टू आरजी’ असे होते. परवान्यावर नोंदलेल्या पत्त्याबाहेरून संच चालवायचा असेल तर परवान्यातील अटी वाचून आवश्यक ती परवानगी आधी घेणे इष्ट. त्याचप्रमाणे उद्यानाच्या व्यवस्थापनाला पूर्वसूचना द्यावी आणि परवान्याची प्रत जवळ ठेवावी. उंच काठी आणि तार पाहून पहारेकऱ्याने विचारपूस केली तर तो त्याचे कर्तव्यच करत असतो. त्याला शांतपणे सांगावे आणि श्रवणयंत्र त्याच्याही कानाला लावून द्यावे.

ऐकण्यापासून आरंभ करणे सर्वांत उत्तम. घरातील नातवंडाला विज्ञानाची गोडी असेल आणि आजोबांकडे मोकळा वेळ असेल, तर हा विषय दोघांनी मिळून शिकण्याजोगा आहे. दोघांचे वय कितीही वेगळे असो, मोर्सच्या पहिल्या धड्यापुढे दोघेही सारखेच अज्ञ असतात. उन्हाळ्यात मुलांकडे वॉशिंग्टनला जाणाऱ्या आईवडिलांना त्या कालव्याच्या वाटेवर एखादा असा सायकलस्वार भेटला, तर त्यांनी संकोच न करता त्याच्याशी बोलावे. ही मंडळी सहसा आनंदाने सारे समजावून सांगतात.

कालव्याला रेल्वेने मागे टाकले, मोर्सला दूरध्वनीने, सायकलला मोटारीने. तिघांनाही काळाने निवृत्तीचे पत्र दिले. तरी त्या नदीकाठी आजही वाट चालू आहे, चाके फिरत आहेत आणि पाच वॅटचा क्षीण आवाज महासागर ओलांडत आहे. निवृत्त होणे आणि निरुपयोगी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे याहून सोप्या भाषेत कोण सांगणार? संध्याकाळी काठी मिटते, तार गुंडाळली जाते, वहीत शेवटची ओळ लिहिली जाते आणि समोरच्या अनोळखी माणसाला ‘७३’ म्हणून सायकल घराकडे वळते.